स्वतःचा ओबीडी स्कॅनर घ्यावा का? घरी सीएनजी वॅगन-आर आणि डिझेल क्रेटा आहे

वळणघाट

घरात दोन गाड्या आहेत. २०१७ ची वॅगन-आर, तिला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय. दुसरी २०२१ ची क्रेटा डिझेल, मागे डिस्क ब्रेक आणि बटणाचा हँडब्रेक. वॅगन-आरचा चेक इंजिनचा दिवा लागतो, काही दिवस राहतो, मग आपोआप विझतो. गॅरेजमध्ये ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारं यंत्र) लावण्याचे पाचशे रुपये आणि उत्तर एकच: "सेन्सरचा एरर होता, काढला." कोणता सेन्सर, कशामुळे, काही नाही.

ऑनलाइन चारशे रुपयांपासून चाळीस हजारांपर्यंत सगळं दिसतंय. एकच साधन दोन्ही गाड्यांना चालेल का? एबीएस आणि एअरबॅग त्यात दिसतं का? क्रेटाची वाढीव वॉरंटी चालू आहे, पोर्टमध्ये काही खुपसलं तर ती जाते का? आणि मुळात, पाना-पकड हातात धरायची फारशी सवय नसलेल्या माणसाने हे घेण्यात अर्थ आहे का?

दहाचा_पाना

घ्या. चारशेवाला नको, आणि दोन-अडीच हजारांच्या वरही आत्ता जाऊ नका.

आधी गाड्यांचं. भारतात चारचाकींना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं. त्यामुळे तुमच्या दोन्ही गाड्यांचं इंजिन एकाच डोंगलने (पोर्टमध्ये लावायचा छोटा स्कॅनर, आकडे फोनवर दिसतात) वाचता येईल. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचं पोर्ट दिसलं तरी भरवसा धरू नये. सॉकेट तेच, पण आत कंपनीची स्वतःची भाषा, असं बऱ्याच जुन्या मॉडेलांत आहे, आणि साधा डोंगल तिथे नुसता "जोडतोय, जोडतोय" करत बसतो.

डोंगलचं. ईएलएम३२७ ही मुळात एका कॅनेडियन कंपनीची चिप. बाजारात त्या नावाने मिळणारे स्वस्त डोंगल जवळजवळ सगळे तिची नक्कल असतात. खोक्यावर व्ही१.५ लिहिलेलं असेल तर ती आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. तरीही त्यातले पीआयसी१८एफ२५के८० चिपवाले नीट चालतात. व्ही२.१ लिहिलेल्या स्वस्तांत बऱ्याचदा काही आज्ञा गाळलेल्या असतात. कोड दिसतो, पण चासी नंबरसारखं लांब उत्तर अर्धवट येतं आणि लाइव्ह डेटा मध्येच तुटतो. अँड्रॉइड फोन असेल तर साधं ब्लूटूथ चालतं, पिन १२३४ किंवा ००००. आयफोनला ब्लूटूथ ४.० म्हणजे बीएलई लागतं, आणि ते फोनच्या सेटिंगमधून न जोडता थेट ॲपमधून जोडायचं. वायफायवाले टाळा, डोंगल जोडला की फोनचं इंटरनेट गोंधळतं. ॲपमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनर, दोन्हीची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरते.

वापरायची रीत अशी. चावी बंद ठेवून डोंगल लावा. पोर्ट स्टिअरिंगखाली, पेडलांच्या वरच्या बाजूला असतं. सोळा नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, त्यामुळे चावी न लावताही डोंगलचा दिवा लागायला हवा. नाही लागला तर डोंगल परत पाठवायच्या आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत पोर्ट आणि मोबाइल चार्जिंगचं बारा व्होल्टचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतात, आणि स्वस्त चार्जरने तो उडालेला असतो. मग चावी ऑन करून ॲप जोडा आणि तीन गोष्टी बघा: साठलेले कोड, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड, आणि फ्रीझ फ्रेम. फ्रीझ फ्रेम म्हणजे दोष नोंदला त्या क्षणी आरपीएम, वेग, लोड, कूलंटचं तापमान आणि फ्युएल ट्रिम (इंधनात केलेली कमी-जास्त) किती होते त्याची नोंद. खरा माल तिथे असतो. स्क्रीनशॉट काढा.

आणि कोड पुसू नका. पुसलं की फ्रीझ फ्रेम जाते, मॉनिटर म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या शून्यावर येतात, बऱ्याच गाड्यांत शिकलेले ट्रिमही जातात. तुमच्या गॅरेजमध्ये "काढला" म्हणतात तेव्हा नेमकं हेच होतं: पुरावा जातो, दोष राहतो.

दिवा आपोआप विझण्याचं कारणही सरळ आहे. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की ईसीयू (इंजिनचा संगणक) दिवा बंद करतो, पण कोड आत साधारण ४० वेळा इंजिन तापून थंड होईपर्यंत राहतो. दिवा विझल्यावरही वाचायला मिळेल.

पिवळा दिवा स्थिर असेल तर हळू चालवत घरी या. लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन तिथे पेटतं आणि कॅट वितळते. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या. कोड नंतर वाचला तरी चालेल.

तेलकट_हात

माझं मत वेगळं आहे. हजार रुपये खर्च करायचेच तर आधी बऱ्यापैकी मल्टिमीटर घ्या, डोंगल नंतर.

कोड हा तक्रार अर्ज आहे, निकाल नाही. ईसीयूला फक्त एवढंच कळतं की अमुक तारेवरचा व्होल्टेज किंवा अमुक हिशोब अपेक्षित हद्दीत नाही. पी०११३ म्हणजे "आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा सिग्नल जास्त". लोक सेन्सर मागवतात. निम्म्या वेळा एअर फिल्टर बदलताना काढलेला कनेक्टर परत लावायचा राहिलेला असतो. पी०४२० आला की गूगल सांगतं कॅट बदला, आणि कॅट हा गाडीतला महागड्या भागांपैकी एक. त्याआधी सायलेन्सरच्या जोडावर गळती आहे का, मिसफायरचा कोड सोबत आहे का, मागचा ऑक्सिजन सेन्सर काय दाखवतो, हे बघायचं असतं. कॅट धड असेल तर गरम इंजिनावर मागच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.६–०.७ च्या आसपास शांत राहतो. तो ०.१ ते ०.९ असा पुढच्यासारखा नाचायला लागला तर कॅटवर संशय.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक प्रकार: उंदीर. इंजिनच्या उबेला येऊन बसतात आणि वायरिंग कुरतडतात. मग एकाच वेळी चार-पाच सेन्सरांचे कोड येतात. इतके सेन्सर एकदम मरत नाहीत. त्यांना ईसीयूकडून येणारी ५ व्होल्टची तार अनेकदा सामाईक असते. एका ठिकाणी ती बॉडीला टेकली की सगळे एकदम ओरडतात. हे डोंगलने सापडत नाही. कनेक्टर काढा, चावी ऑन, मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब संदर्भ तारेवर. ५ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर त्या तारेवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर ५ परत आले, तो सेन्सर किंवा त्याच्यापर्यंतची तार गुन्हेगार.

नाना प्रकारचे यू-कोड (मॉड्यूलांमधला संवाद तुटल्याचे) आणि सोबत पी०५६२ (व्होल्टेज कमी) दिसला तर सेन्सरांच्या मागे लागूच नका. बॅटरी तपासा. इंजिन बंद ठेवून रात्रभर उभी गाडी १२.६ दाखवते तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरीच संपली आहे किंवा टर्मिनल-अर्थिंग सैल आहे.

क्लच, सस्पेन्शन, गिअरचा आवाज, व्हील बेअरिंग, ब्रेक पॅडची जाडी, यातलं काहीही डोंगलला दिसत नाही. "स्कॅनरमध्ये काही नाही" म्हणून लोक बेअरिंगचा आवाज ऐकत गाडी चालवत राहतात.

दहाचा_पाना

मल्टिमीटरबद्दल हरकत नाही, पण ज्याला कनेक्टर काढायचा नाही त्याला मीटरचा उपयोग काय? डोंगल हातात असलेल्या गिऱ्हाइकाला गॅरेजमध्ये निदान "पी०११३ आहे, कनेक्टर बघा" म्हणता येतं. तेवढ्यात पैसे फिटतात.

एक भर: बॅटरी चार्जिंगचा आकडा ॲपमध्ये बघताना, जुन्या गाड्यांत इंजिन चालू असताना १३.८–१४.५ हवा. नव्या गाड्यांत ईसीयू अल्टरनेटर कमी-जास्त करतो. क्रेटात उतारावर १४.७ आणि सरळ रस्त्यावर १२.८ दिसलं तर अल्टरनेटर बदलायला निघू नका.

स्पार्कगॅप

सीएनजीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि वॅगन-आरचं दुखणं बहुतेक तिथेच आहे.

बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा स्वतःचा वेगळा ईसीयू असतो. पेट्रोलचा ईसीयू इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो, गॅसचा ईसीयू तो सिग्नल पकडतो, स्वतःच्या मॅपने (गुणकांच्या तक्त्याने) गुणतो आणि गॅस इंजेक्टर उघडतो. ओबीडी पोर्टवर दिसतो तो फक्त पेट्रोलचा ईसीयू. गॅसवाल्याला वेगळी केबल आणि किटच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, ते ट्यूनरच्या लॅपटॉपवर असतं. म्हणजे डोंगल घेऊन गॅसचा मॅप सुधारता येणार नाही, पण मॅप चुकलाय हे मात्र पुराव्यानिशी सांगता येईल. मारुतीच्या कंपनी-फिटेड एस-सीएनजीत दोन ईसीयू एकमेकांशी बोलतात, तिथे हा घोळ बराच कमी.

बघायचे आकडे दोन: शॉर्ट टर्म ट्रिम आणि लाँग टर्म ट्रिम. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काय म्हणतो त्यावरून ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय ते यात कळतं. अधिक म्हणजे मिश्रण पातळ पडतंय, वाढवावं लागतंय. उणे म्हणजे घट्ट. दोन्हींची बेरीज पाचाच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालतं, पंधरा-वीसच्या पुढे गेली की कोड येतो.

चाचणी: आधी पेट्रोलवर २०–३० किमी चालवा, इंजिन पूर्ण गरम. एसी बंद ठेवून आयडलला आणि मग उभ्या गाडीत २,५०० आरपीएमला दोन्ही ट्रिम लिहून घ्या. मग सीएनजीवर टाका, तेवढंच चालवा, तेच परत लिहा. पेट्रोलवर +३ आणि गॅसवर +१८ असेल तर गाडीचे सेन्सर निर्दोष आहेत. दोष गॅसच्या बाजूला.

वळणघाट

सगळ्यांचे आभार. व्ही१.५ वाला डोंगल आणला, ॲप कार स्कॅनर. वॅगन-आरचं वाचन देतो.

साठलेला कोड: पी०१७१. पेंडिंग: पी०३०२.
फ्रीझ फ्रेम: आरपीएम २,७००, वेग ६४, लोड ७१ टक्के, कूलंट ९१, शॉर्ट +११, लाँग +१९.
स्पार्कगॅपनी सांगितलेली चाचणी: पेट्रोलवर आयडलला एकूण +२, २,५०० ला +४. सीएनजीवर आयडलला +७, २,५०० ला +१६.

आता? आणि सकाळी पेट्रोलवर स्टार्ट घेतल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं पेट्रोलचा वास येतो, ते याच्याशीच संबंधित का?

स्पार्कगॅप

वाचन अगदी नमुनेदार आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ.

पेट्रोलवर ट्रिम ठीक, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, गॅसच्या मॅपशी संबंध नाही), पेट्रोल इंजेक्टर यांना हात लावू नका. गॅसवर आयडलला थोडं पातळ आणि आरपीएम-लोड वाढला की जास्त पातळ. याचा अर्थ मागणी वाढली की गॅस पुरत नाही. क्रम असा ठेवा:

आधी फिल्टर. रिड्यूसरच्या (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आधीचा उच्च दाबाचा फिल्टर आणि रिड्यूसर ते इंजेक्टर रेल यामधला कमी दाबाचा फिल्टर. दुसरा स्वस्त आणि बदलायला सोपा, आणि कॉम्प्रेसरचं तेल येऊन तोच आधी तुंबतो. मग रिड्यूसरचा दाब: ट्यूनरच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला तो किती पडतो ते समोर बसून बघा. जास्त पडत असेल तर डायफ्राम किंवा फिल्टर. दाब स्थिर असेल तर गॅस इंजेक्टर, त्यांच्यात मेण-तेलाचा थर बसून ते उशिरा उघडतात. हे सगळं झाल्यावरच मॅप बदलायला सांगा. ट्यूनर आल्या आल्या गुणक वाढवून देतो, महिनाभर बरं चालतं, फिल्टर आणखी तुंबला की पुन्हा तेच. नंतर फिल्टर बदलला की गाडी घट्ट मिश्रणावर, आणि पी०१७२.

उच्च दाबाच्या बाजूला स्वतः पाना लावायचा नाही. सिलिंडर २०० बारला भरलेलं असतं. ते काम किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचंच.

सकाळचा वास: हो, संबंध आहे. गॅसवर चालताना पेट्रोलच्या ईसीयूने लाँग ट्रिम +१९ शिकून ठेवला. सकाळी पेट्रोलवर स्टार्ट झाल्यावर तोच हिशोब लावला जातो, म्हणजे पेट्रोल विनाकारण जवळपास एक पंचमांश जास्त. ऑक्सिजन सेन्सर तापून सुधारणा सुरू होईपर्यंत वास येणार.

पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, अजून पेंडिंग आहे. पातळ मिश्रण असेल तर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो, त्यात सीएनजीला मुळातच जास्त लागतो, म्हणून दुबळा कॉइल किंवा झिजलेला प्लग गॅसवर आधी उघडा पडतो. प्लग काढा, गॅप फीलर गेजने मोजा. मॅन्युअलमध्ये जो पल्ला दिलाय त्याच्या खालच्या टोकाला ठेवा. मग दोन आणि तीन नंबरचे कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर प्लगांची अदलाबदल. तरीही तोच, तर त्या सिलिंडरचा गॅस इंजेक्टर, आणि पेट्रोलवरही मिसफायर होत असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. या कामासाठी मात्र कोड पुसावा लागेल. स्क्रीनशॉट काढून झालाय, आता पुसलात तर चालेल.

तेलकट_हात

ट्रिमबद्दल एक भर, कारण वाचणारे इंटरनेटवरचा एक नियम सरसकट सगळ्या गाड्यांना लावतील. "आयडलला पातळ, २,५०० ला बरं, म्हणजे व्हॅक्यूम गळती" हा इंटरनेटवरचा नियम मॅफ सेन्सरवाल्या गाड्यांचा आहे. मॅफ आत येणारी हवा तोंडाशीच मोजतो, त्यामुळे मधून शिरलेली हवा त्याला दिसत नाही आणि मिश्रण पातळ होतं. मारुतीच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत मॅफ नसतो. तिथे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा काढतात. पाइप फाटून हवा शिरली तर दाब वाढतो, ईसीयू त्या हवेलाही पेट्रोल देतो, आणि ट्रिम फारसा हलत नाही. लक्षण दिसतं ते आयडल चढलेल्या आरपीएममध्ये.

मॅप सेन्सर खरा बोलतोय का हे बघायची फुकटची युक्ती: चावी ऑन, इंजिन बंद, ॲपमध्ये मॅप वाचा. तिथला वातावरणाचा दाब दिसला पाहिजे. मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात साधारण ९५, महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. मुंबईत ८८ दाखवत असेल तर सेन्सरवर किंवा त्याच्या तारेवर संशय घ्या. तसंच सकाळी थंड इंजिनावर कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन-चार अंशांच्या फरकाने सारखंच असायला हवं.

मॅफ असलेल्या गाडीत तो साफ करायचा असेल तर मॅफ क्लीनरच वापरा. कार्ब क्लीनर मारून लोक तो कायमचा घालवतात.

डिझेलदादा

क्रेटाबद्दल. साध्या डोंगलला इंजिनचे प्रदूषणाशी संबंधित कोड आणि लाइव्ह डेटा दिसेल. एबीएस, एअरबॅग, हँडब्रेक, बॉडी मॉड्यूल यांचे कोड सर्वसाधारण ओबीडी-२ च्या कक्षेत येत नाहीत. ॲपमध्ये ह्युंदाईचं प्रोफाइल निवडलं तर काही मॉड्यूल वाचता येतात, सगळे नाहीत. एअरबॅगचा दिवा असेल तर वाचून थांबा. सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल असल्याने तो लागतो हे खरं, पण त्या तारांवर मल्टिमीटर लावायचा नाही. मीटरच्या करंटनेही एअरबॅग फुटू शकते.

डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, हा बीएस-६ डिझेलचा खरा विषय. रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) चालू असताना सायलेन्सरच्या बाजूचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं, आयडल थोडं चढतं, इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. ॲपमध्ये एक्झॉस्टचं तापमान आणि डीपीएफचा डिफरन्शियल प्रेशर दिसत असेल तर ते डॅशबोर्डवर लावून ठेवा. रिजनरेशन चालू असताना सोसायटीत शिरून गाडी बंद करायची नाही. ते अर्धवट तुटत राहिलं की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर हेच झालंय, ऑइल बदला. आणि ऑइल सी२ किंवा सी३ दर्जाचं, कमी राखेचंच. राख रिजनरेशनने जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते.

दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे हायवेवर ६० च्या वर, २,००० आरपीएमच्या आसपास, २०–२५ मिनिटं न थांबता. तरीही पी२४६३ आला, म्हणजे काजळी हद्दीबाहेर, तर उभ्या गाडीतलं रिजनरेशन सर्व्हिस सेंटरलाच. बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा वाळक्या गवतावर ते करायचं नसतं, सायलेन्सरखाली आग लागेल इतकी उष्णता निघते.

मागचे ब्रेक पॅड: बटणाच्या हँडब्रेकमध्ये कॅलिपरवर मोटर असते. पॅड बदलायच्या आधी स्कॅनरने "पॅड बदल" मोड लावून पिस्टन मागे घ्यावा लागतो. सी-क्लॅम्पने दाबला तर मोटरचे गिअर तुटतात. हे वाचणारं नव्हे, आज्ञा देणारं यंत्र लागतं. तसंच डिझेल इंजेक्टर बदलल्यावर त्यावरचा कोड ईसीयूत भरणं, स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणणं. ही कामं वर्षात एखाद वेळ येतात. त्यासाठी आठ-दहा हजारांचं थिंकडायग किंवा चाळीसच्या पुढचं ऑटेल घेऊन, पहिल्या एक-दोन वर्षांनंतर अपडेटचं वार्षिक शुल्क भरत बसण्यात घरगुती मालकाला अर्थ नाही. चार मित्रांत मिळून घेत असाल तर गोष्ट वेगळी.

दोन अपवाद. फोर्डवाल्यांना फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर म्हणजे वरदान: कंपनीने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, आणि फिगो-इकोस्पोर्टचे जवळजवळ सगळे मॉड्यूल फोरस्कॅनने वाचता येतात. मात्र डोंगल एचएस-कॅन आणि एमएस-कॅन (गाडीतल्या मॉड्यूलांची दोन वेगळ्या वेगाची जाळी) दोन्ही बोलणारा हवा, स्विचवाला किंवा आपोआप बदलणारा. स्कोडा-फोक्सवॅगनला व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन. तिथे खर्च करणं शहाणपणाचं आहे.

वॉरंटीचं. नुसतं वाचल्याने वॉरंटी जायचं काही कारण नाही, पोर्ट त्यासाठीच आहे. कोडिंग बदललं, रिमॅप केलं, तर खुणा राहतात आणि मग वाद तुमच्या गळ्यात. सर्व्हिसला देताना डोंगल काढून ठेवा, कोड न पुसता द्या, स्क्रीनशॉट जॉब कार्डला लावा.

सॅन_होजेकर

इकडच्या मंडळींसाठी थोडं. कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या स्मॉग चेकमध्ये नळीतला धूर मोजत नाहीत, पोर्टमधूनच वाचतात. आदल्या रात्री कोड पुसून गेलात तर मॉनिटर अपूर्ण दिसतात आणि गाडी नापास. पेट्रोल गाडीला फक्त इव्हॅपचा (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेचा) मॉनिटर अपूर्ण चालतो. पर्मनंट कोडही बघतात, आणि तो डोंगलने पुसला जातच नाही. पुसल्यानंतर १५ वॉर्म-अप आणि २०० मैल झाल्याशिवाय तो असेल तर नापास. वीस डॉलरचा डोंगल आणि मॉनिटरचं पान आधी बघून जा.

भारतात पीयूसीला नळीतूनच मोजतात, पोर्टला हात लावत नाहीत, त्यामुळे तिथे हा मुद्दा नाही. पण जुनी गाडी घेताना हीच गोष्ट तिथेही कामाची आहे.

दहाचा_पाना

हे बरं आठवलं. जुनी गाडी बघायला जाताना डोंगल खिशात हवाच. ॲपमध्ये "कोड पुसल्यापासूनचं अंतर" आणि "पुसल्यापासूनचे वॉर्म-अप" हे दोन आकडे बघा. विकणारा म्हणतो गाडीला कधी काही झालं नाही, आणि अंतर १२ किमी, मॉनिटर सगळे अपूर्ण. म्हणजे सकाळीच कोणीतरी पुसलंय. बॅटरी काढली तरी असंच दिसतं, म्हणून थेट आरोप न करता बॅटरी कधी बदलली ते विचारा आणि ३०–४० किमीची टेस्ट ड्राइव्ह मागा. नकार आला तर दुसरी गाडी बघा. मीटर मागे फिरवलाय का, हे मात्र साध्या डोंगलवरून कळेल अशी आशा ठेवू नका.

वळणघाट

कमी दाबाचा फिल्टर काळाकुट्ट निघाला, बदलला. सीएनजीवर २,५०० ला एकूण +१६ होतं ते +६ वर आलं. कॉइल अदलाबदलीनंतर अजून कोड नाही, बघतोय.

एक शेवटचं: डोंगल पोर्टमध्ये कायमचा ठेवला तर चालेल का? काढ-घाल करायचा कंटाळा येतो.

तेलकट_हात

नको. झोपायची सोय नसलेला डोंगल ४० मिलिअँपिअर ओढतो असं धरा. दिवसाला साधारण १ अँपिअर-अवर. वॅगन-आरची बॅटरी ३५ च्या आसपासची. गाडीचं स्वतःचं घड्याळ-अलार्म वेगळं. पंधरा दिवस गावाला जाऊन आलात तर स्टार्टर फिरणार नाही. शिवाय काही डोंगल पोर्टवर सतत काहीतरी विचारत राहतात, त्यामुळे नव्या गाड्यांचे मॉड्यूल झोपतच नाहीत आणि क्रेटात ओढ याहून जास्त होईल. स्वस्त डोंगलची पिन १२३४ असते हेही लक्षात घ्या, शेजारच्या गाडीत बसलेला कोणीही जोडू शकतो.

काढ-घाल करताना सरळ ओढा, हलवत हलवत नको, पोर्टच्या पिना पसरतात आणि मग जोडणी अधूनमधून तुटायला लागते. डोंगल ग्लव्ह बॉक्समध्ये, आणि कॉइलवर लक्ष ठेवताय तर दर टाकीला एकदा पेंडिंग कोड बघा. दिवा लागायची वाट बघू नका.